कंपाचें निदान

आजारी माणसाजवळ जो तो वैद्य होतो, हा अनुभव सर्वांस आहे. परंतु गाडी बिघडली म्हणजे जो तो वैद्य होऊन थांबत नाहीं, न्यायाधीशही होतो, ही गोष्ट आमच्या ध्यानांत उतारवयांत आली. माणसाला ताप आला तर आपण पाऊस, पाणी, डांस, दैव यांपैकीं कोणाला तरी बोल लावतों. गाडी हादरूं लागली कीं मनासमोर प्रथम उभा राहतो तो तिला शेवटचा हात लावणारा मिस्त्री. रोगाचें निदान होण्यापूर्वींच आरोपी ठरून जातो, आणि मग पुढील सारा शोध त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करण्यापुरता उरतो. अशा एका शोधाची हकीकत येथें सांगावयाची आहे. तींत यंत्रशास्त्र थोडें आहे. पण तें वगळून ही हकीकत सांगतां येणार नाहीं, म्हणून वाचकांनीं तेवढें सोसावें अशी विनंति आहे.

आमच्याकडे एक जुनी जीप आहे. ती आमची म्हणण्यापेक्षां आमच्या दादांची म्हणणें अधिक खरें. दादा म्हणजे आमचे वडील बंधु. ते पिंपरीच्या एका कारखान्यांत तीस वर्षें लेथवर उभे होते. निवृत्त झाले तेव्हां हातीं आलेल्या पैशांतून त्यांनीं दोन गोष्टी केल्या. एक धाकट्या मुलीचें लग्न आणि दुसरी ही गाडी. पहिल्या गोष्टीचें सर्वांनीं कौतुक केलें, दुसरीचें कोणींच केलें नाहीं. गाडी तेव्हांही जुनीच होती. तिच्या इंजिनाची शक्ति एरवीं मागल्या दोन चाकांना जाते. चिखल, वाळू किंवा उभा चढ लागला म्हणजे पायाशेजारचा एक लहान दांडा ओढावा, कीं पुढलीं चाकेंही ओढूं लागतात. भीमाशंकरकडच्या वाटांवर श्रावणांत दादा तो दांडा ओढीत, तेव्हां त्यांच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसे तें आम्हीं मुलीच्या लग्नांतही पाहिलें नाहीं. दादांना जाऊन आतां तीन वर्षें झालीं. तेराव्यानंतर वहिनींनीं गाडीची किल्ली आमच्या हातांत दिली आणि एवढेंच म्हटलें, "भाऊजी, विकूं नका. चालती ठेवा."

आमचा हा मुलूखच असा आहे कीं येथें यंत्र हें घरांतलें माणूस असतें. चिंचवड म्हटलें कीं पूर्वीं पवनेच्या कांठचें मोरया गोसावींचें समाधिमंदिर आठवे, आणि चाकण म्हटलें कीं १६६० सालीं शाइस्तेखानाच्या फौजेपुढें फिरंगोजी नरसाळ्यानें लढविलेला संग्रामदुर्ग. पुढें १९५४ सालीं पिंपरीस औषधांचा सरकारी कारखाना, हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स, उभा राहिला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. आणि मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथल्या माळांवर ज्वारी-बाजरीऐवजीं लोखंड पिकूं लागलें. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. चाकणला कांद्याचा बाजार होताच. २००९-१० च्या सुमारास फोक्सवागन, मर्सिडीझ, महिंद्र यांचे मोटारींचे कारखाने तेथें चालू झाले, आणि कांद्याच्या गाड्यांच्या जोडीला नव्या मोटारी वाहणारे लांबलचक ट्रक रस्ता अडवूं लागले. इकडे घराघरांत कोणी गिअर कापणारा, कोणी वेल्डर, कोणी तपासनीस. भाजींत मीठ कमी पडलें तर 'टॉलरन्सच्या बाहेर गेलें' असें म्हणणारे लोक आम्ही.

खंडेनवमीला येथल्या कारखान्यांत यंत्रें धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात. दादा त्या दिवशीं दारांत गाडीची पूजा करीत; पण त्यांची पूजा हळदकुंकवापुरती नसे. आदल्या दिवशीं ते गाडीखालीं शिरत, बोल्ट न् बोल्ट पाहत, सांध्यांत ग्रीस भरीत, आणि आम्ही बाहेर पोतें अंथरून बसून मागतील तो पाना त्यांच्या हातांत देत असूं. गेल्या वर्षीं हें काम आम्हीं एकट्यानें करावयाचें ठरविलें. साठी उलटलेल्या, जन्मभर कारकुनी केलेल्या माणसानें गाडीखालीं शिरावें हें घरांतल्या मंडळींस रुचलें नाहीं. आम्हीं तें हट्टानें केलें. माती खरवडली, तेल बदललें, मागला शाफ्ट उतरवून त्याच्या सरकत्या सांध्यांत नवें ग्रीस भरलें, सर्व बोल्ट आवळले. दुसऱ्या दिवशीं झेंडूची माळ घालतांना, दादांची गादी आपण चालवीत आहों असें वाटून आमचा ऊर भरून आला.

त्यानंतर आठ-दहा दिवस गाडी गांवांतल्या गांवांत फिरली. भाजी, दवाखाना, बँक. ताशीं चाळीस किलोमीटरपेक्षां अधिक वेग तिला मिळालाच नाहीं. आमच्या शहराच्या रहदारींत तो सहसा कोणालाच मिळत नाहीं. मग पुढल्या चाकांतून किंचित् घरघर येते असें वाटून आम्हीं ती भोसरीच्या एका तरुण मिस्त्रीकडे नेली. हा पोरगा आय. टी. आय. शिकलेला. चाकणच्या एका कारखान्यांत शिकाऊ म्हणून राहिला, मुदत संपली, कायम झाला नाहीं. तेव्हां भोसरींत रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड घालून त्यानें स्वतःचें काम सुरू केलें. दादांचा तो आवडता होता. त्यानें पुढल्या दोन्ही चाकांचीं बेअरिंगें बदललीं, हब साफ करून बसविले, आणि पैसे बेताचेच घेतले.

वसुबारसेच्या पहाटे आम्ही वहिनींना त्यांच्या माहेरीं, खेडला, पोंचवावयास निघालों. मोशी मागें पडली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, रस्ता क्वचित् मिळतो तसा मोकळा मिळाला. कांटा सत्तरावर गेला आणि गाडी थरथरूं लागली. खड्ड्याचा हादरा बसतो आणि संपतो. हें तसें नव्हतें. बैठकीखालून एक घुमारा उठला, तळपायांतून वर चढत पोटांत शिरला. आरशांतलें मागचें दृश्य धूसर झालें. वहिनींच्या मांडीवरच्या डब्याचें झांकण वाजूं लागलें. वेग साठावर आणला कीं सारें शांत; सत्तर झाले कीं घुमारा पुन्हां हजर. वहिनींनीं डब्यावर हात दाबून धरला. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "ह्यांच्या हातांत ही अशी कधीं थरथरली नव्हती."

त्यांनीं तें सहज म्हटलें असेल. आम्हांस मात्र तें फार लागलें. आणि लागलेलें मनुष्य स्वतःकडे ठेवीत नाहीं, दुसऱ्याकडे पोंचवितो. दिवाळी होतांच आम्ही भोसरीस गेलों आणि त्या पोराला चार गिऱ्हाइकांदेखत नाहीं नाहीं तें बोललों. गाडी तुझ्याकडे येण्यापूर्वीं चांगली होती, तुझ्याकडून गेली आणि बिघडली, याहून अधिक पुरावा तो कोणता हवा? त्यानें उलट उत्तर दिलें नाहीं. त्याच दुपारीं दोन्ही हब पुन्हां उघडले, बेअरिंगें आमच्यासमोर फिरवून दाखविलीं, पुन्हां बसविलीं. दुसऱ्या दिवशीं स्वतःच्या पैशानें चारही चाकें तोलून आणलीं. थरथर होती तशीच राहिली. शेवटीं त्यानें हात पुसत विचारलें, "काका, मागचा शाफ्ट कुणी खोलला होता का?" आम्हीं ताडकन् उत्तर दिलें, "ह्या गाडीला तुझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाहीं." तो गप्प बसला. त्यानंतर आम्हीं गाडी त्याच्याकडे नेली नाहीं. आणि तेवढ्यानें समाधान न होऊन, त्याच्याकडे गाड्या देणाऱ्या आमच्या दोन स्नेह्यांनाही सावध केलें.

न्यायशास्त्रांत काकतालीय न्याय म्हणून एक दृष्टान्त आहे. कावळा येऊन ताडावर बसावा आणि त्याच क्षणीं ताडाचें फळ गळून पडावें. पाहणारा म्हणतो, कावळ्यानें फळ पाडलें. हा दृष्टान्त आम्ही शाळेंत शिकलों, पुढें कित्येकांना ऐकविला. परंतु आपण स्वतः जेव्हां ताडाखालीं उभे असतों तेव्हां कावळाच तेवढा दिसतो, हें त्या शिकण्यांत आलें नव्हतें.

हिंवाळा तसाच गेला. गाडी दारांत उभी राहिली. वहिनी विचारीत नसत, आणि त्यांचें न विचारणें आम्हांस अधिक जड जाई. एका व्यापाऱ्यानें येऊन गाडीची किंमतही सांगितली. आम्हीं 'विचार करून सांगतों' म्हटलें. म्हणजे मनांत अर्धा विचार झालाच होता. अशा वेळीं दादांच्या कारखान्यांतले एक जुने सोबती भेटले. ते म्हणाले, "विकायची तर विका, पण आधीं चाकणच्या मिस्त्रींना दाखवा."

चाकणचे हे मिस्त्री सत्तरीच्या घरांतले. एका कारखान्यांत पंचवीस वर्षें त्यांनीं शाफ्ट तोलण्याचें काम केलेलें. आतां बाजाराजवळ पुतण्याच्या गॅरेजांत ते खुर्ची टाकून बसतात, आणि एकादशीला भजनांत मृदंग वाजवितात. आम्हीं गाडी उभी केली आणि पोराच्या अपराधाची कथा सुरुवातीपासून सांगूं लागलों. त्यांनीं हात वर करून आम्हांस थांबविलें.

"ते राहू द्या, साहेब. कुणी केलं ते मागून. काय होतंय ते सांगा. किती वेगाला होतंय? आणि कुठं लागतंय? हातात, बुडाखाली, का कानात?"

हा प्रश्न आम्हांस चार महिन्यांत कोणीं विचारला नव्हता. खरें म्हणजे आम्हींच तो कोणाला विचारूं दिला नव्हता. आम्हीं आठवून सांगितलें: वेग सत्तर, हातांत नाहीं, चक्र स्थिर असतें, बैठकीखालीं आणि कानांत. मिस्त्रींनीं मान डोलविली आणि म्हणाले, "चला, ऐकू."

दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही तळेगांवच्या रस्त्यानें निघालों. सत्तर होतांच घुमारा उठला. मिस्त्रींनीं डोळे मिटून तो ऐकला, आणि तंबोरा जुळवितांना गवई गुणगुणतो तसा स्वतःच्या घशांतून तोच स्वर काढून पाहिला. मग त्यांनीं आमच्याकडून एक गोष्ट करविली. त्याच वेगांत गाडी न्यूट्रलमध्यें टाकविली. इंजिनाचा आवाज खालीं बसला; घुमारा होता तसाच राहिला, आणि गाडी मंदावूं लागली तसा तोही उतरत गेला. "इंजिन सुटलं. क्लच सुटला," मिस्त्री म्हणाले. एखाद्या खटल्यांतून निरपराधी माणसें एकेक करून सोडून द्यावीं, तशी त्यांची पद्धति होती. दोषी कोण हें ते शोधीत नव्हते. कोण नाहीं तेवढें ठरवीत होते.

चाकांची पाळी आली तेव्हां त्यांनीं रस्त्याच्या कडेला थांबून आम्हांस हिशेब समजावून दिला. आमच्या गाडीचें चाक एका फेऱ्यांत सुमारें सव्वादोन मीटर रस्ता कापतें. ताशीं सत्तर किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर. म्हणजे चाकाचे सेकंदाला नऊच्या आंतबाहेर फेरे. चाक तोलांत नसेल तर सेकंदाला नऊ धक्के बसतील. ते थडथड असे अंगाला लागतात. त्यांचा स्वर होत नाहीं. शाफ्ट मात्र चाकाच्या सुमारें चौपट फिरतो, कारण मागल्या आंसांतला गिअर त्याचा वेग तेवढ्या प्रमाणांत कमी करून चाकाला देतो. म्हणजे सेकंदाला पस्तीस फेरे. शाफ्ट एका अंगाला जड असेल तर पस्तीस धक्के. आणि शाफ्टच्या सांध्यांत खोट असेल तर एका फेऱ्याला दोन, म्हणजे सेकंदाला सत्तर. "सत्तर म्हणजे धक्का राहत नाही, साहेब. सत्तर म्हणजे सूर होतो. पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज तिथंच कुठं तरी असतो. मला मघाशी खर्ज ऐकू आला."

अनुमान असें झालें होतें. पण मिस्त्रींनीं अनुमानावर विश्वास ठेवला नाहीं. गॅरेजांत परत येऊन त्यांनीं प्रथम पुढले हब मोकळे केले, म्हणजे पुढला शाफ्ट फिरावयाचा थांबला. पुन्हां फेरी, घुमारा कायम. पुढला शाफ्ट आणि पुढला आंस सुटले. मग पुढलीं चाकें जॅकवर उचलून, वरखालीं दोन्ही हातांनीं धरून हालवून पाहिलीं. तीं तसूभरही हाललीं नाहींत. एका हबाचें झांकण काढून आंतलें ग्रीस बोटांवर घेतलें, नट किती आवळला आहे तें पाहिलें, आणि ते म्हणाले, "हे ज्यानं बसवलंय त्याचा हात चांगला आहे."

आम्ही कांहीं बोललों नाहीं.

यानंतर त्यांनीं मागला शाफ्टच उतरविला. ह्या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसून त्या शाफ्टच्या मुळाशीं आहे. शाफ्ट निघाला कीं ब्रेक लावूनही मागलीं चाकें मोकळींच. म्हणून पुतण्यानें चाकांखालीं दगड लावले होते. मग हब पुन्हां जोडून, दादांचा तो लहान दांडा ओढून, गाडी नुसत्या पुढल्या चाकांवर चालविली. साठ, पांसष्ट, सत्तर, पंचाहत्तर. घुमारा नाहीं. वहिनींचा डबा असता तर झांकण वाजलें नसतें. आतां संशय एकाच वस्तूवर उरला, आणि ती वस्तु गॅरेजांत फळीवर पडली होती.

वांकत्या सांध्यानें फिरण्याची गति एका दांड्यांतून दुसऱ्यांत नेण्याची ही युक्ति जुनी आहे. सोळाव्या शतकांतल्या कार्दानो नांवाच्या इटालियन गणित्याच्या नांवानें ती युरोपांत ओळखली जाते. आणि गंमत अशी कीं हा कार्दानो व्यवसायानें वैद्य होता. पुढल्या शतकांत इंग्लंडांतल्या रॉबर्ट हूकनें ह्या सांध्याचा अभ्यास केला. आणि १९०३ सालीं क्लॅरेन्स स्पायसर ह्या अमेरिकन माणसानें मोटारीसाठीं त्याचें पेटंट मिळविलें. ह्या सांध्यांत एक उपजत दोष आहे. तो वांकलेला असतांना एका बाजूनें एकसारखी गति घेतो, पण दुसऱ्या बाजूनें ती एकसारखी देत नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतो आणि दोनदां रेंगाळतो. दहा अंशांचा वांक असला तर हा फरक दोन्ही अंगांनीं शेंकडा दीडपर्यंत जातो. मग मोटारी सुरळीत चालतात कशा? तर शाफ्टच्या दोन टोकांना दोन सांधे असतात. पहिला ज्या क्षणीं पुढें धांवतो त्याच क्षणीं दुसरा तेवढाच रेंगाळतो, आणि एकाचा दोष दुसऱ्यांत जिरून जातो. अट इतकीच कीं दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असावे, आणि शाफ्टच्या दोन टोकांचीं दुबेळकीं एका रेषेंत असावीं. तीं रेषेंतून सरकलीं कीं दोष जिरत नाहींत, उरतात.

मिस्त्रींनीं आधीं शाफ्टवर डकविलेले तोलाचे लहान तुकडे जागच्या जागीं आहेत का तें पाहिलें. नळीवर कोठें पोंचा आला आहे का तें बोटांनीं चांचपलें. "वीस ग्रॅमचा तुकडा चार सेंटिमीटरवरनं सुटला, तर ह्या वेगाला तो चार किलोच्या वजनानं ओढतो," ते पुतण्याला सांगत होते, "आणि वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट." तुकडे होते. नळी सरळ होती. सांध्यांतले क्रॉस घट्ट होते. मग त्यांनीं शाफ्ट डोळ्यासमोर आडवा धरला आणि एक डोळा मिटून लांबीनें पाहिला. त्यांनीं तो आमच्या हातांत दिला. आम्हांसही दिसलें. एक दुबेळकें उभें होतें; दुसरें किंचित् कलतें.

शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. ते दांतेरी खोबणींतून एकमेकांत सरकतात, कारण गाडी उसळतांना त्याची लांबी कमीजास्त व्हावी लागते. मिस्त्रींनीं जोडावरचें ग्रीस चिंधीनें पुसून काढलें. खालीं दोन लहान बाण निघाले. एक एका तुकड्यावर, एक दुसऱ्यावर. बनविणाऱ्यानें ते एकमेकांसमोर यावे म्हणून कोरलेले. ते एकमेकांसमोर नव्हते. एका दांताचा फरक होता. सोळा दांतांच्या जोडांत एक दांत म्हणजे साडेबावीस अंश.

"हा शाफ्ट कुणी खोलला होता, साहेब?"

तोच प्रश्न. तोच शब्दशः प्रश्न, जो चार महिन्यांपूर्वीं एका पोरानें हात पुसत विचारला होता. त्या वेळीं आम्ही खोटें बोललों होतों का? आम्ही ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. आम्हांस त्या क्षणीं खंडेनवमीची आठवणही झाली नव्हती, हें शपथेवर सांगूं. पण आठवण कां झाली नाहीं? आपण गाडीला हात लावला ती पूजा होती, भक्ति होती, दादांची परंपरा होती. तिला 'खोलणें' म्हणतात असें आमच्या मनालाच शिवलें नाहीं. पोरगा हात लावतो तें काम, आणि कामांत चूक होते. आम्हीं हात लावला ती श्रद्धा, आणि श्रद्धेंत चूक कोठून होणार? पोत्यावर बसून दादांच्या हातांत पाने देतांना, शाफ्ट वेगळा करण्यापूर्वीं ते दोन्ही तुकड्यांवर खडूनें एक रेघ ओढीत, हें आम्हीं वर्षानुवर्षें पाहिलें होतें. ती रेघ कशासाठीं, हें एकदांही विचारलें नव्हतें.

"आम्हींच," आम्हीं सांगितलें.

मिस्त्री हंसले नाहींत, रागावलेही नाहींत. त्यांनीं तुकडे वेगळे केले, एक दांत फिरवून बाण समोरासमोर आणले, जोड सरकविला. ह्याला दोन मिनिटेंही लागलीं नाहींत. मग पुतण्याकडून पांढरा रंग मागवून दोन्ही तुकड्यांवरून बोटभर लांबीची एक रेघ ओढली. पैसे विचारले तेव्हां म्हणाले, "शाफ्ट उतरवायचे आणि चढवायचे द्या. बाकी कशाचे घेऊ?" परत येतांना मोशीच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला. कांटा पंचाहत्तरावर गेला, आणि गाडी दादांच्या वेळीं चाले तशी चालली. त्या शांततेचा आनंद आम्हांस घेतां आला नाहीं.

आम्ही घरीं न जातां तसेच भोसरीस वळलों. पोरगा एका टेंपोखालीं होता. गाडी पाहून बाहेर आला आणि न बोलतां उभा राहिला. पुन्हां कांहीं ऐकावें लागणार अशी त्याची समजूत झालेली दिसली. शेडमध्यें दोन गिऱ्हाइकें होतीं. आरोप चौघांदेखत केला होता, तेव्हां माफीही चौघांदेखत मागणें प्राप्त होतें. येथें दोघेच होते, त्याला इलाज नव्हता. आम्हीं सर्व हकीकत सांगितली. बाण सांगितले, दांत सांगितला, कोणाच्या हातून झालें तें सांगितलें.

त्यानें पहिला प्रश्न विचारला तो असा: "किती दातांचा फरक होता?"

"एका."

त्यानें मान डोलविली. मग थोडें थांबून म्हणाला, "मी विचारलं होतं, काका."

"होय. विचारलें होतेंस."

"तुम्ही गेल्यावर मी परत परत आठवत होतो, की बेअरिंग बसवताना काय चुकलं. झोप लागायची नाही. पुढं दोन गाड्या आल्या होत्या बेअरिंगच्या. मी घेतल्या नाहीत. दुसरीकडं पाठवल्या. म्हटलं, आपल्याच हातात काही खोट असंल."

हें ऐकण्याची आमची तयारी नव्हती. त्याचीं गिऱ्हाइकें आम्हीं तोडलीं हें आम्हांस ठाऊक होतें, आणि तें नुकसान भरून देण्याचा विचार आम्ही वाटेंत करीत आलों होतों. पण त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास आम्हीं हालविला होता, हें आमच्या हिशेबांत नव्हतें. कारागिराजवळ दुसरें भांडवल असतें कोणतें? पाने विकत मिळतात, जॅक उसना मिळतो; आपण आवळलेला नट बरोबर आवळला आहे ही खात्री कोठें मिळत नाहीं. आम्हीं चाकणच्या मिस्त्रींचें तें वाक्य त्याला जसेंच्या तसें सांगितलें: ज्यानें हें बसविलें त्याचा हात चांगला आहे. तें ऐकून तो टेंपोकडे पाहूं लागला, आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिला.

त्याच आठवड्यांत आम्ही आमच्या त्या दोन्ही स्नेह्यांकडे गेलों. एकानें गाडी पुन्हां भोसरीस दिली. दुसऱ्यानें दिली नाहीं. 'आतां दुसरा मिस्त्री लागला आहे, बदलणें बरें दिसत नाहीं,' असें तो म्हणाला. म्हणजे चुकीचा जोड फिरवून बसविला तरी सगळेंच पूर्ववत् होतें असें नाहीं.

यंदाच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशीं आम्हीं त्या पोराला घरीं बोलाविलें. तो आला, गाडीखालीं शिरला, आणि आम्ही दादांच्या वेळेसारखे बाहेर पोतें अंथरून बसलों. तो मागेल तो पाना आम्ही देत होतों. शाफ्ट उतरविण्याची वेळ आली तेव्हां त्यानें आंतून हांक मारली, "काका, पांढरी रेघ दिसतीय. पण खडू द्या, मी माझी पण एक ओढतो." वहिनी दारांत उभ्या होत्या. त्यांनीं आंत जाऊन खडूचा तुकडा आणून दिला. दादांच्या हत्यारांच्या पेटींतला तो होता. तो कोठें आहे हें आम्हांस माहीत नव्हतें, त्यांना होतें.